काळं कुंकू, ताठ मान आणि पुठ्ठ्यावरचं नाव: स्टुडिओतला जुना फोटो कसा वाचायचा

प्रश्न असा आहे: आजोळच्या कपाटात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो सापडला. पुठ्ठा साधारण सव्वाचार इंच रुंद, साडेसहा इंच उंच. पगडी, अंगरखा, उपरणं घातलेले गृहस्थ उभे आहेत, शेजारी खुर्चीत नऊवारीतली पत्नी, तिच्या कपाळावर काळं ठसठशीत कुंकू. मागे कमानी आणि कठडा रंगवलेला पडदा. खाली सोनेरी अक्षरांत मुंबईच्या स्टुडिओचं नाव आहे, साल कुठेच नाही. फोटो केव्हाचा असेल? दोघं इतके ताठ का? तेव्हा स्टुडिओत काम कसं चालायचं, आणि आता हा जपायचा कसा?

आधी थेट उत्तर देतो. वर्णनावरून हा फोटो 1880 ते 1905 या काळातला असावा. हातात भिंग घेऊन पाच मिनिटं पाहिलंत तर हा पट्टा आणखी अरुंद करता येईल. त्यासाठी एक गोष्ट मनात पक्की धरा: त्या काळच्या स्टुडिओतली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक सवय एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. समोरच्या माणसाला किती सेकंद हलू न देता बसवायचं? छताची काच, मागचा पडदा, खुर्ची, मानेमागचा लोखंडी दांडा, न हसणारे चेहरे, सगळं त्या सेकंदांतून आलं. सेकंद कमी होत गेले तसा स्टुडिओ बदलत गेला.

पुठ्ठ्यापासून सुरुवात करू. 1854 साली पॅरिसमध्ये दिस्देरी या फोटोग्राफरने एकाच काचेवर 8 छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यातून निघालेला फोटो सुमारे 2½ × 4 इंची पुठ्ठ्यावर चिकटवत. भेटकार्डाएवढा म्हणून त्याचं नाव 'कार्ट द व्हिझिट'. एका काचेत 8 प्रती निघू लागल्यामुळे फोटो डझनाच्या भावाने विकता येऊ लागला, आणि धंदा म्हणून स्टुडिओ उभा राहिला तो इथे. 1866 च्या सुमारास इंग्लंडात मोठा आकार आला, 4¼ × 6½ इंचाचा 'कॅबिनेट'. तुमचा फोटो हाच. म्हणजे 1866 च्या आधीचा तो असूच शकत नाही. कॅबिनेट आकार पहिल्या महायुद्धापर्यंत रेंगाळला, पण त्याचा बहर 1880 ते 1900 चा.

आता पुठ्ठ्याची जाडी आणि कडा पाहा. पातळ, काटकोनी कोपऱ्यांचा, फिकट पुठ्ठा म्हणजे सहसा आधीचा काळ. जाड, गोल कोपऱ्यांचा, तिरप्या सोनेरी कडांचा असेल तर 1880 नंतरचा. करड्या किंवा चॉकलेटी पुठ्ठ्यावर नाव शाई न वापरता नुसतं दाबून उठवलेलं असेल तर बहुधा 20 व्या शतकातला. मागची बाजू आवर्जून पाहा. तिथे स्टुडिओला मिळालेल्या पदकांची चित्रं असतील आणि त्यांत सालं असतील, तर फोटो त्यातल्या शेवटच्या सालानंतरचा. एक सावधगिरी मात्र ठेवा: छापील पुठ्ठे हजारांनी मागवले जात आणि संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे पुठ्ठ्यावरून फोटोचं साल थोडं जुनं भासतं. पगडी आणि लुगड्यावरून साल ठरवायला जाऊ नका. स्टुडिओत कोट, शाल, घड्याळाची साखळी, पुस्तक, फुलदाणी सगळं ठेवलेलं असे आणि गिऱ्हाइकाला ते वापरायला मिळे.

पुठ्ठ्यानंतर कागद. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि फोटोच्या फिक्या भागात, आभाळावर किंवा धोतरावर नजर लावा. कागदाचे तंतू स्पष्ट दिसले, वर पातळ चकाकी असली, रंग जांभळट तपकिरी आणि पांढरा भाग पिवळसर झालेला असला, तर तो अल्ब्युमिनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा कागद. ही पद्धत ब्लाँकार-एव्हरार याने 1850 साली आणली आणि 1890 च्या दशकापर्यंत तीच मुख्य होती. रंग तसाच तपकिरी पण तंतू अजिबात दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे, तर कागद आणि प्रतिमेचा थर यांच्यामध्ये बराइटाचा (एका पांढऱ्या खनिजाचा) लेप आहे. हा उन्हात छापायचा जिलेटिन किंवा कलोडियनचा कागद (ही द्रव्यं काय ते पुढे येईल), साधारण 1885 ते 1910. रंग सरळ काळा-करडा असेल आणि फोटो तिरपा धरल्यावर गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर रुपेरी आरशासारखी झाक दिसली, तर तो डेव्हलपरमध्ये (प्रतिमा दिसती करणाऱ्या रसायनात) धुतलेला ब्रोमाइड किंवा गॅसलाइट कागद, बहुतेक वेळा 1900 नंतरचा. तुमच्या फोटोचं उत्तर या तीन पर्यायांत आहे.

आता ताठ मानेकडे वळू.

तेव्हाचा पोर्ट्रेट स्टुडिओ बहुधा इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर असे, कारण छतालाच काच बसवावी लागे. उत्तरेकडचा उतार आणि उत्तरेची भिंत काचेची, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड येतो. हा नियम युरोपात बारा महिने चालतो. मुंबईत चालत नाही. मुंबई साधारण 19 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाचे ढग येण्यापूर्वी, उत्तरेच्या काचेतून दुपारचं ऊन सरळ गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडणार. उपाय दोन: काचेखाली दोऱ्यांनी सरकणारे पांढरे आणि निळे पडदे, आणि काम सकाळीच उरकणं. वरचा उजेड जास्त झाला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाखाली सावली उतरते आणि पगडीची सावली कपाळ खाऊन टाकते. म्हणून जाणकार माणूस वरचे पडदे बरेचसे बंद ठेवून बाजूचा उजेड मोकळा सोडी, आणि सावलीच्या बाजूला तीन-चार फुटांवर पांढरं कापड ताणलेली चौकट उभी करी. तुमच्या फोटोत नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते पाहा. काचेची भिंत त्याच्या समोरच्या बाजूला होती.

खोली लांब लागे, आणि का ते हिशेबाने दिसतं. साडेपाच फूट, म्हणजे 66 इंच उंचीचा माणूस कॅबिनेटमध्ये साडेचार इंचांत बसवायचा तर प्रतिमा सुमारे पंधरापट लहान हवी. कॅमेऱ्याची भिंग 10 इंच फोकल लेंग्थची (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगेपासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते ते अंतर) असेल तर तिच्यापासून माणूस जवळजवळ 13 फुटांवर हवा. त्याच्या मागे पडदा 4 ते 5 फूट दूर, म्हणजे पडद्यावर सावली पडत नाही आणि रंगवलेल्या कमानी थोड्या अस्पष्ट होऊन खऱ्या वाटतात. कॅमेऱ्यामागे माणूस उभा राहायला, काळ्या कापडाखाली शिरून दुधी काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा नीट करायला 5 फूट. झाले 23 फूट. यापेक्षा आखूड खोलीत कमी फोकल लेंग्थची भिंग लावून कॅमेरा जवळ आणला की गुडघे, हात आणि नाक मोठे दिसू लागतात. मांडीवरचे हात चेहऱ्याएवढे दिसणारे जुने फोटो आढळतात, ते बहुतेक या अडचणीतले.

कॅमेऱ्याची भिंग बहुतेक ठिकाणी पेट्झव्हालच्या रचनेची असे. 1840 साली तयार झालेली, f/3.6 इतकी उजळ. मधला भाग अतिशय स्पष्ट, कडेला अस्पष्ट. उभ्या माणसाचा चेहरा धारदार आणि पायातल्या जोड्यांची टोकं मऊ दिसली तर हे त्या भिंगेचं लक्षण. भिंगेला शटर नसे. पितळी टोपी काढायची, तोंडाने मोजायचं आणि टोपी परत बसवायची.

किती मोजायचं? ओल्या काचेच्या पद्धतीत (काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घेत), स्वच्छ सकाळी, तीन ते आठ सेकंद. पावसाळी आभाळ असेल तर पंधरा-वीस. 1880 च्या दशकात कोरड्या प्लेट (रसायनाचा थर आधीच सुकवलेल्या तयार काचा) आल्यावर सेकंदभर किंवा त्याहून कमी. आठ सेकंद हसू टिकवून पाहा, गाल थरथरू लागतात. शिवाय फोटो ही आयुष्यात एकदोनदा घडणारी गोष्ट होती, लोक समारंभाच्या गांभीर्याने येत. म्हणून माणूस खुर्चीला, खांबाला किंवा कठड्याला टेकवायचा. उभ्या माणसाच्या मागे जड लोखंडी बैठकीचा स्टँड असे, वरच्या टोकाला मानेला हलकं टेकणारा आकडा. तुमच्या फोटोतल्या गृहस्थांच्या पायांमागे भिंगाने पाहा, तीन पसरलेल्या लोखंडी पायांचं टोक दिसायची बरीच शक्यता आहे. काही स्टुडिओ ते ब्रशने पुसून टाकत. असा स्टँड दिसला की फोटो मृत व्यक्तीचा आहे असं आंतरजालावर सर्रास सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. तो आकडा मान स्थिर ठेवण्यापुरता असतो, देहाचं वजन त्याला पेलत नाही.

तुमच्या फोटोतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली खूण म्हणजे ते काळं कुंकू.

कुंकू लाल होतं, फोटोत काळं आलं. ओल्या काचेला आणि सुरुवातीच्या कोरड्या प्लेटला फक्त जांभळा आणि निळा उजेड दिसे. लाल, भगवा, पिवळा, हिरवा तिच्या दृष्टीने अंधार. म्हणून कुंकू काळं, लाल पगडी काळी, हिरवी चोळी काळपट, आणि निळं लुगडं मात्र जवळजवळ पांढरं. मोत्यांची नथ चमकते, सोन्याच्या पाटल्या झळाळीची रेघ वगळता मळकट दिसतात. गव्हाळ त्वचा प्रत्यक्षापेक्षा सावळी येते आणि चेहऱ्यावरचे डाग गडद होतात. स्टुडिओच्या आरशापुढे कंगव्याशेजारी पावडरीचा डबा असण्याचं मूळ कारण हे आहे. 'फोटोत फार काळ्या आल्यात' असं त्या बाईंबद्दल घरी म्हणत असतील, तर दोष प्लेटचा होता.

डार्करूममधला लाल दिवा आणि तुमच्या फोटोतलं काळं कुंकू ही एकाच कारणाची दोन रूपं. प्लेटला लाल दिसत नाही म्हणून लाल दिव्याखाली काम करता येतं, आणि त्याच कारणाने कुंकू काळं येतं. 1873 मध्ये फोगेल याने रंगद्रव्यं मिसळून प्लेटला हिरवं दाखवण्याची युक्ती शोधली, त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट निघाल्या. लाल त्यांनाही दिसत नसे. लालही पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट 1906 पासून बाजारात आल्या, तरी स्टुडिओंनी ऑर्थो लवकर सोडली नाही, कारण पॅनक्रोमॅटिक धुवायला पूर्ण काळोख लागतो. लाल दिव्याखाली डोळ्यांनी पाहून निगेटिव्ह किती धुवायची हे ठरवणाऱ्या माणसाला ते आंधळं काम वाटे. त्यामुळे काळं कुंकू 1930 च्या दशकातल्या फोटोतही सापडतं. त्यावरून एकट्याने साल ठरत नाही. उलट कुंकू मध्यम करडं आलं असेल, तर फोटो पॅनक्रोमॅटिकच्या काळातला, हे बरंच खात्रीने सांगता येतं.

मुंबईत हे काम केव्हा सुरू झालं? बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ बरीच वर्षं चालवला. म्हणजे मुंबईत आपल्या लोकांचे फोटो काढणारे फक्त साहेब होते ही समजूत खरी नाही. बाहेरून आलेल्यांत इंग्रज फोटोग्राफर सॅम्युएल बोर्न 1863 मध्ये भारतात आला. त्याच्या नावाची 'बोर्न अँड शेफर्ड' कंपनी सिमल्याहून कोलकात्यात स्थिरावली आणि 2016 साली बंद झाली. 1991 च्या आगीत तिचा जुन्या निगेटिव्हचा मोठा साठा गेला होता. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी 1886 मध्ये सिकंदराबादेत स्टुडिओ काढला, 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ सुरू केला, त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे होती, आणि 1896 मध्ये मुंबईत शाखा उघडली. जनाना स्टुडिओचं महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. परक्या पुरुषाने हनुवटी धरून चेहरा वळवायचा, हा स्टुडिओतला रोजचा भाग होता, आणि अनेक घरांतल्या बायका केवळ त्यामुळे फोटोपासून दूर राहिल्या. तुमच्या घरच्या बाई 1890 च्या आसपास पतीशेजारी कॅमेऱ्यापुढे बसल्या असतील, तर त्या घराबद्दल हा फोटो बरंच सांगतो.

आता काचेमागचं काम. 1851 साली आर्चरने आणलेली ओल्या काचेची पद्धत अशी: स्वच्छ काचेवर कलोडियन (ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइड) ओतायचं, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत एकसारखा थर करायचा, उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचं. थर बोटाला चिकट लागू लागला की काच सिल्व्हर नायट्रेटच्या सुमारे 8 टक्के द्रावणात तीन-चार मिनिटं बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, लगेच हिराकस आणि ॲसेटिक आम्ल यांच्या पाण्याने डेव्हलप करायची, हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) किंवा पोटॅशियम सायनाइडने स्थिर करायची, धुवायची आणि दिव्यावर कोमट करून वॉर्निश लावायचं. थर सुकण्याआधी हे सगळं उरकायला हवं. थंड हवेत दहा मिनिटं मिळत, मुंबईच्या उन्हाळ्यात त्याच्या निम्मी.

कारण साधं आहे. ईथर 35 अंशांच्या आतच उकळू लागतं. मे महिन्यात ओतलेला थर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधी पहिल्या कोपऱ्यात सुकतो, आणि त्या जागी पुढे फिका डाग किंवा रेघा उमटतात. म्हणून उन्हाळी कलोडियनमध्ये ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त घेत. दुसरी अडचण पाण्याची. मुंबईच्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यात मीठ. सिल्व्हर नायट्रेटमध्ये ते पडलं की पांढरा साका बसतो आणि चांदी वाया जाते. चांदीच्या द्रावणाला ऊर्ध्वपातित किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणीच लागे. विहार तलावाचं पाणी शहरात 1860 साली आलं, ते धुण्यासाठी मोठी सोय होती. तिसरी अडचण त्या द्रावणात रोजच्या काचांमधून मिसळणारं ईथर, अल्कोहोल आणि कचरा. काचांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा धूसरपणा दिसू लागला की द्रावणात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून ते बाटलीत भरून कडक उन्हात ठेवत. सेंद्रिय घाण काळी होऊन तळाशी बसे, मग गाळून, थोडं आम्ल घालून परत वापरात. या कामातल्या माणसांची बोटं सिल्व्हर नायट्रेटने कायम काळी असत.

1871 मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली आणि 1878 पासून ती वेगवान होऊन बाजारात आली. आता काच खोक्यातून यायची, आज फोटो घेऊन उद्या धुता यायचा. पण जिलेटिनचा शत्रू ऊन नसून कोमट पाणी. साधारण 25 अंशांच्या वर ते फुगून मऊ होतं, कडेने सुरकुत्या पडून काचेवरून सुटतं, आणि तापमान एकदम बदललं तर पृष्ठभागावर जाळी पडते. आपल्याकडे नळाचं पाणीच उन्हाळ्यात 30 च्या वर. म्हणून तुरटी किंवा क्रोम तुरटीचं पाणी, तबकाखाली बर्फ, आणि प्लेटा पहाटे किंवा रात्री धुणं. तुमच्या फोटोच्या कडेला झालरीसारखी वेडीवाकडी रेघ दिसली, तर ती निगेटिव्हचं जिलेटिन सुटल्याची खूण असू शकते. तसं असेल तर फोटो बहुधा 1880 नंतरचा.

छपाई उन्हात होई. निगेटिव्ह आणि कागद चौकटीत एकावर एक दाबून गच्चीवर ठेवायचे, त्यामुळे काच जेवढी तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर कॅमेराच मोठा. फुल प्लेट (6½ × 8½ इंच) आणि हाफ प्लेट हे शब्द आपल्या स्टुडिओंत फिल्म आल्यावरही कितीतरी वर्षं टिकले ते यामुळे. हव्यापेक्षा गडद छापायचं, कारण पुढे हायपोत ते उतरतं. मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून टोन, म्हणजे रंगछटा सुधारणं, 15 ते 20 टक्के हायपो, आणि कित्येक तास धुणं. फोटो का पिवळा पडतो याचं उत्तर या शेवटच्या दोन पायऱ्यांत आहे. हायपो वापरून वापरून थकलेला असेल, किंवा धुणं आटोपतं घेतलं असेल, तर कागदात गंधकाची संयुगं उरतात आणि दमट हवेत चांदी हळूहळू खातात. ओलावा कडेने शिरतो म्हणून कडा आधी फिकटतात. चिकटवायला वापरलेली खळ आंबलेली असेल तर फोटोच्या मध्यावरही ठिपके येतात. कापलेल्या कागदाच्या कडा आणि पहिलं धुण्याचं पाणी मात्र टाकून देत नसत. कागद जाळून राखेतून, पाण्यात मीठ घालून साक्यातून चांदी परत मिळे. स्टुडिओच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ नव्हती, आणि वापरलेला हायपो विकत घेणारे लोक पुढे शंभर वर्षं स्टुडिओंच्या दारात येत राहिले.

रिटचिंगबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. चेहऱ्यावर हात फिरवणं हे संगणकाने आणलेलं नाही. निगेटिव्ह उतरत्या डेस्कवर लावून, खालून आरशाने उजेड देऊन, राळ आणि टर्पेंटाइनचं पुसट बोट फिरवून, इंचभर लांब सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने काम चाले. निगेटिव्हमध्ये सुरकुती ही पारदर्शक रेघ असते. तिथे पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम भरले की प्रतीत ती उजळते आणि सुरकुती मिटते. उलट काही गडद करायचं असेल तर पेन्सिल निरुपयोगी, थर चाकूने खरवडावा लागे, आणि ते अवघड. म्हणून जुने फोटो तरुण दिसण्याकडे झुकतात. चांगला रिटचर नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ फिकी करी, पूर्ण भरत नसे. ती भरली की चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत होतो आणि माणूस ओळखू येत नाही. माझ्या मते स्टुडिओची खरी पारख या एका रेघेवर करावी. तुमच्या फोटोत ती रेघ भिंगाखाली पाहा.

पडद्यावरच्या कमानी आणि कठडे युरोपी नमुन्यावरून आले, पण आपल्याकडे त्यांना संगीत नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांचं तयार शेजार मिळालं. बाबूराव आणि आनंदराव पेंटर कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवत, नजर आणि हात तोच. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केला होता. फोटोवर रंग चढवणं ही याच हातांची दुसरी कमाई. गालावर गुलाबी, लुगड्यावर हिरवं, दागिन्यांवर सोनेरी. एखादा माणूस गेल्यावर सामूहिक फोटोतला त्याचा अंगठ्याएवढा चेहरा मोठा करून त्याला कोट आणि खांदे हाताने रंगवून द्यायचे, हे काम स्टुडिओंना अगदी अलीकडेपर्यंत मिळत होतं. दिवाणखान्यातल्या हार घातलेल्या फोटोंपैकी काहींत मान आणि खांदे यांचा उजेड जुळत नाही, त्याचं कारण हे.

1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, हळूहळू वीज पोचली आणि स्टुडिओला गच्चीची गरज उरली नाही. तो खाली रस्त्यावर उतरला, पुढे काचेची शोकेस, आत खिडकी नसलेली खोली. चेहऱ्याच्या बाजूने 45 अंशांवर मुख्य दिवा, कॅमेऱ्याजवळ सावल्या उजळणारा मंद दिवा, मागून केसांवर एक. केसांभोवती उजळ कड आणि दोन्ही डोळ्यांत गोल ठिपका दिसला की विजेचा फोटो, डोळ्यांत चौकोनी खिडकी दिसली की काचेच्या छताचा किंवा भिंतीचा. तुमच्या फोटोत हेही पाहा. उद्योगपती व्हिक्टर ससून यांनी 1928 मध्ये बॅलार्ड इस्टेटमध्ये सुरू केलेला हॅमिल्टन स्टुडिओ या विजेच्या जमान्यातला.

पुढचा प्रवास भराभर झाला. प्लेटा गेल्या, 120 आकाराचा फिल्मचा रोल आला, एनलार्जरमुळे छोट्या निगेटिव्हवरून हवी तेवढी मोठी कॉपी निघू लागली. नक्षीदार कापलेल्या कडांच्या छोट्या कॉपी म्हणजे ढोबळमानाने 1940 ते 1960 चा काळ. परदेशी माल दुर्मीळ झाला तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद आणि फिल्म वापरात आली. रंगीत निगेटिव्हची सी-41 पद्धत 1972 ची. डेव्हलपर 38 अंशांवर सव्वातीन मिनिटं, तापमान पाव अंशानेही हलता कामा नये. हे छोट्या डार्करूमला परवडेना, धुण्याचं काम लॅबकडे गेलं, आणि स्टुडिओच्या हातातून रसायन सुटलं. त्या काळातले रंगीत फोटो लाल होत जातात, कारण निळसर हिरवा रंग आधी उडतो. ओळखपत्रं आणि पासपोर्ट फोटोंवर मग बहुतेक स्टुडिओ तगले.

आता जपण्याविषयी. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका, पातळ कागद फाटतो आणि पुठ्ठ्यावरचा पुरावा जातो. लॅमिनेशन नको, चिकट पानांचा अल्बम तर मुळीच नको. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने मध्याकडून कडेकडे धूळ झाडा. फ्रेम करायची तर काच आणि फोटो यांच्यात माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) दोन-तीन मिलिमीटर फट हवी. पावसाळ्यात फोटो काचेला चिकटला तर तो निघत नाही, तेव्हा ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ती चार महिने दमट असते. स्कॅन दोन्ही बाजूंचा, रंगीत, 600 डीपीआयच्या खाली नको. रंग सुधारलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ स्कॅनला हात लावू नका. घरात काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर आडव्या रचू नका, एकेक कागदात गुंडाळून लांब कडेवर उभ्या ठेवा, पाणी अजिबात लागू देऊ नका. 1950 च्या आधीची लवचिक शीट फिल्म असेल तर ती झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेटची असू शकते. ती चिकट, पिवळी झाली असेल तर घरात ठेवू नका, संग्रहालयाच्या जतन विभागाला विचारा.

शेवटी पुठ्ठ्याची मागची बाजू पुन्हा एकदा उजेडात तिरपी धरून पाहा. पेन्सिलीने किंवा शाईने एखादा आकडा लिहिलेला असतो. तो स्टुडिओच्या वहीतला निगेटिव्हचा क्रमांक. 'निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत, केव्हाही प्रती मिळतील' असं स्टुडिओ पुठ्ठ्यावर छापत, आणि गिऱ्हाईक वर्षांनंतर तो आकडा सांगून प्रती मागवी. त्याच स्टुडिओचे साल माहीत असलेले दोन-तीन फोटो इतर घरांत किंवा संग्रहांत मिळाले आणि त्यांचे आकडे समजले, तर तुमचा आकडा त्यांच्या मध्ये कुठे बसतो ते पाहा. पाच वर्षांच्या आत साल सांगण्याची यापेक्षा चांगली रीत नाही. तो आकडा, भिंगाखाली दिसलेला कागद आणि डोळ्यांतल्या उजेडाचा आकार, एवढ्या तीन गोष्टी कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.